कारखान्याचा हिस्टोरियन कसा सांभाळावा

गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं हे नाशिककर फुटांत सांगत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं सांगतो आणि ऐकणाऱ्याला पुराचा अंदाज येतो. हे माप पिढ्यानपिढ्या चालतं, कारण मारुती जागचा हलत नाही. कारखान्यातल्या हिस्टोरियनकडून माझी तेवढीच अपेक्षा असते. बॉयलरचा दाब, ऑटोक्लेव्हचं तापमान, चिमणीतून जाणारी धूळ असं सगळं सतत टिपून वर्षानुवर्षं साठवणारी ही प्रणाली. तिच्यातला आकडा कुणाला गुपचूप हलवता येत असेल, तर सर्व्हर कितीही महागडा असला तरी त्या नोंदीला पुरावा म्हणता येत नाही.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत ऑटोमेशनची कामं करताना मी ज्या क्रमाने हे बसवत आलो, त्याच क्रमाने सांगतो.

१. कोणता टॅग कोणत्या कायद्यासाठी, ते आधी लिहून काढा

हिस्टोरियनमध्ये हजारो टॅग असतात. एक टॅग म्हणजे सतत नोंदलं जाणारं एक मोजमाप. सगळ्यांना एकच नियम लावला की महत्त्वाच्या टॅगकडे दुर्लक्ष होतं. औषध कारखाना असेल तर २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने सुधारलेलं शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाचे भारतीय नियम, लागू होतं. माल अमेरिकेला जात असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी १९९७ पासून लागू असलेला २१ सीएफआर भाग ११ हा अमेरिकी नियम, युरोपला जात असेल तर तिथला ॲनेक्स ११. अमेरिकी नियमांत बॅचच्या नोंदी मालाची मुदत संपल्यावर किमान एक वर्ष ठेवाव्या लागतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक पाहावं लागतं. त्यात संबंधित नोंदी तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, अधिक एक कॅलेंडर वर्ष ठेवायच्या असतात, आणि ग्राहकाची अट वेगळी असेल तर ती पाळायची. चिमणीच्या आणि सांडपाण्याच्या टॅगांचा संबंध प्रदूषण मंडळाशी येतो. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्येच १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मापन बसवायला सांगितलं आहे.

साध्या एक्सेल शीटमध्ये टॅग, त्याचा मालक विभाग, लागू नियम आणि साठवणुकीची वर्षं एवढे चार रकाने पुरतात. ही शीट क्वालिटी विभागाच्या सहीशिवाय पक्की धरू नका.

२. एका माणसाला एकच लॉगिन

एका कारखान्यात कंट्रोल रूमच्या मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिन्ही शिफ्ट ‘ऑपरेटर’ या एकाच नावाने काम करत. एका रात्री कुणीतरी अलार्मची मर्यादा बदलली. त्या शिफ्टचा ऑपरेटर प्रामाणिक होता, मी त्याला ओळखत होतो. पण बदल त्याने केला नाही हे दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि त्याच्यावरचा संशय शेवटपर्यंत फिटला नाही. स्वतंत्र लॉगिन ही कामगाराची ढाल आहे, हे तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. एकदा हे पटलं की लोक स्वतःहून पासवर्ड जपतात.

हक्क वाटताना हात आखडता ठेवा. ऑपरेटरला ट्रेंड (आकड्यांचा वेळेनुसार आलेख) दिसावा, प्रोसेस इंजिनिअरला रिपोर्ट काढता यावा, टॅगची रचना मात्र ॲडमिननेच बदलावी. हा ॲडमिन उत्पादनाचा किंवा क्वालिटीचा माणूस नसावा, कारण आकडा चांगला दिसण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या हाती किल्ली देणं बरं नव्हे. प्रणालीबरोबर येणारं मूळ ॲडमिन खातं रोजच्या कामाला वापरू नका. त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवा.

३. ऑडिट ट्रेल पहिल्या दिवसापासून चालू

ऑडिट ट्रेल म्हणजे प्रणालीत झालेल्या प्रत्येक बदलाची आपोआप होणारी नोंद. काही प्रणालींत हा मुळात बंद असतो आणि ऑडिटर येईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. जुनं मूल्य, नवं मूल्य, कोणी, कधी आणि का, या पाच गोष्टी दिसल्याच पाहिजेत. सेन्सर बिघडून चुकीचं मूल्य नोंदलं गेलं असेल तर ते पुसू नका. दुरुस्त मूल्य कारणासह घाला आणि मूळ मूल्यही शोधता येईल असं ठेवा. ट्रेलची प्रत ॲडमिनचा हात पोहोचणार नाही अशा वेगळ्या लॉग सर्व्हरवर लगेच जाऊ द्या आणि क्वालिटीच्या माणसाने ती ठरलेल्या दिवशी वाचावी.

४. घड्याळं जुळवा

पीएलसीचं (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचं) घड्याळ सर्व्हरच्या सात मिनिटं मागे असलं की दरवाजा उघडण्याआधीच तापमान वाढल्याचं रेकॉर्डवर दिसतं, आणि मग खुलासे देत बसावं लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या, सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. प्लांटच्या नेटवर्कला थेट इंटरनेट देऊ नका, मध्ये एक स्थानिक टाइम सर्व्हर ठेवा.

५. कॉम्प्रेशन तपासा

नोंद हरवते ती बहुतेक वेळा इथेच, आणि तीही कुणी काही लबाडी न करता. जागा वाचवण्यासाठी हिस्टोरियन प्रत्येक मूल्य साठवत नाही. मागच्या नोंदीपेक्षा ठरावीक फरक पडला तरच नवं मूल्य पुढे पाठवतो. समजा, लसींच्या कोल्ड रूमची मर्यादा २ ते ८ अंश आहे आणि हा फरक कुणीतरी १ अंश ठेवला. शेवटची नोंद ७.६ ची आहे. तापमान ८.३ वर गेलं आणि थोड्या वेळाने परत खाली आलं. फरक ०.७ चा, म्हणून नोंदच झाली नाही. ट्रेंडवर सरळ रेष दिसते आणि त्या रेषेवर विश्वास ठेवून माल बाहेर पडतो. लस ज्याला टोचली जाणार, त्याच्यासाठी ते ०.३ अंश महत्त्वाचे आहेत.

म्हणून हा फरक सेन्सरच्या अचूकतेपेक्षा कमी ठेवा. रुग्णाच्या किंवा कामगाराच्या सुरक्षिततेशी जोडलेल्या टॅगवर मी कॉम्प्रेशन पूर्ण बंदच ठेवतो. डिस्क आता स्वस्त आहे. ही सेटिंग बदलायची झाली तर चेंज कंट्रोलचा (बदलाच्या मंजुरीचा) फॉर्म भरल्याशिवाय हात लावायचा नाही.

६. प्लांट आणि ऑफिस यांच्यामध्ये अंगण ठेवा

वाड्यात परका माणूस ओसरीवर बसतो, माजघरात येत नाही. तसंच करा. मूळ हिस्टोरियन आत, मध्ये डीएमझेडमध्ये (दोन्ही नेटवर्कांमधल्या वेगळ्या पट्ट्यात) त्याची प्रत, आणि ऑफिसच्या लोकांनी ती प्रत पाहायची. जोडणी आतून बाहेर सुरू व्हावी, बाहेरून आत नाही. यंत्रांकडून डेटा पोहोचवणारं जुनं ओपीसी डीकॉम या विंडोजच्या तंत्रावर चालतं आणि त्यासाठी फायरवॉलमध्ये भरपूर पोर्ट उघडे ठेवावे लागतात. शक्य तिथे ओपीसी यूए ही त्याची नवी पद्धत घ्या आणि त्यात सर्टिफिकेट व एन्क्रिप्शन चालू ठेवा. व्हेंडरचा रिमोट ॲक्सेस काम संपताच बंद करा. नेटवर्क तुटलं किंवा महावितरणचा फीडर ट्रिप झाला तरी डेटा जाऊ नये म्हणून यंत्रांकडून डेटा घेऊन हिस्टोरियनला देणाऱ्या इंटरफेसच्या संगणकावर बफरिंग, म्हणजे डेटा तात्पुरता साठवणं, चालू हवं, आणि तो संगणक व मधला स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत.

पॅच आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग शटडाउनच्या दिवशी मुख्य सर्व्हरवर. पेनड्राइव्ह पूर्ण बंद.

७. हल्ला झाला तर

सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवावी लागते आणि संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवसांचे भारतात ठेवावे लागतात. रात्री दोन वाजता कोणी कोणाला फोन करायचा, तो कागद कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावा.

८. बॅकअप परत आणून पाहा

बॅकअपची एक प्रत त्याच आवारात, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी आणि नेटवर्कपासून तोडलेली. अंबडचा सर्व्हर आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावरची टेप, याला दोन ठिकाणं म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी वेगळ्या संगणकावर डेटा रिस्टोअर करा. दोन वर्षांपूर्वीची एखादी बॅच निवडा, तिचा सही केलेला छापील रिपोर्ट फाइलमधून काढा, आणि रिस्टोअर झालेल्या ट्रेंडमधले पाच टॅग वेळेसकट त्या कागदाशी ताडून पाहा. एकही आकडा जुळला नाही तर ऑडिटची वाट न पाहता त्याच दिवशी डेव्हिएशन (चुकीची औपचारिक नोंद आणि चौकशी) उघडा.