जीवशास्त्र न सोडता मशीन लर्निंगकडे

शिवाजी विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मी मशीन लर्निंगच्या कामाकडे वळले. त्यामुळे या क्षेत्रात येण्यासाठी जीवशास्त्र सोडावे लागेल का, असे कोल्हापुरातले विद्यार्थी मला नेहमी विचारतात. ते मुळीच सोडू नये. मॉडेल, म्हणजे माहितीवरून शिकलेला संगणकीय प्रोग्राम, चालवणे दिवसेंदिवस सोपे होत आहे. त्याच्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा, हे मात्र विषय जाणणाऱ्यालाच कळते.

प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीचेच पाहा. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय रचना सांगण्याचा प्रश्न सुमारे अर्धशतक रेंगाळला होता. 2020 मध्ये या प्रणालीने त्यात मोठी मजल मारली, 2022 मध्ये 20 कोटींहून अधिक रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना मिळाला. या यशाचा पाया मात्र 1971 पासून प्रोटीन डेटा बँकेत जमा होत आलेल्या, प्रयोगांनी उलगडलेल्या रचनांचा आहे. अल्फाफोल्डची रचना उघडली की गडद निळा भाग भरवशाचा आणि नारिंगी भाग अगदी कमी भरवशाचा असतो. शेवयांसारखा पसरलेला तो नारिंगी भाग नवखा विद्यार्थी खरा आकार समजून बसतो. पुष्कळदा तिथे प्रथिनाला ठरावीक घडीच नसते.

वैद्यकात अशी गफलत रुग्णाला भोवू शकते. एकाच रुग्णाचा एक एक्स-रे मॉडेलला शिकवताना वापरला आणि दुसरा चाचणीत आला, तर मॉडेल आजाराऐवजी त्या माणसाच्या खुणा ओळखू लागते आणि अचूकता फुगलेली दिसते. म्हणून शिकवण्यासाठी आणि चाचणीसाठी विभागणी चित्रांची नव्हे, रुग्णांची करावी. न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलवर 2018 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हेच यंत्राला ओळखता येत असल्याचे आढळले. अत्यवस्थ रुग्णाचा एक्स-रे खाटेपाशी फिरते यंत्र आणून काढतात, आणि त्याच्याही खुणा चित्रात उतरतात; मॉडेल आजाराऐवजी त्या खुणांवरूनच उत्तर देऊ शकते. त्यामुळे बाहेर तयार झालेले मॉडेल कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातल्या रुग्णांसाठी वापरायचे झाल्यास आधी इथल्याच एक्स-रेंवर तपासायला हवे.

सुरुवात संख्याशास्त्राने करावी, सोबत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकावी. महागडा संगणक लगेच लागत नाही, गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर बरेच काम होते. अभ्यासासाठी स्वतःच्या प्रयोगशाळेतले, ओळखीचे प्रथिन निवडावे. वैद्यकीय चित्रांवर काम करायचे असेल, तर रीतसर परवानगी काढून क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञांजवळ काही दिवस बसावे, आणि कोणत्या रुग्णाचा एक्स-रे कोणत्या यंत्रावर व का काढला, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी त्यांना विचारून घ्यावे.