कंपनी कशासाठी आहे, हे वॉचमनलाही सांगता यायला हवं

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही कारखान्यात शिरा, रिसेप्शनला व्हिजन-मिशनची फ्रेम लटकलेली असते. 'जागतिक दर्जा', 'ग्राहकांचे समाधान', 'सातत्यपूर्ण सुधारणा'. फ्रेमवरचं नाव झाकून ती शेजारच्या गाळ्यात नेऊन लावली तरी कोणाला पत्ता लागणार नाही. तुमच्या फ्रेमचंही तसंच होत असेल तर ती उतरवा आणि कंपनी कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहायला कोऱ्या कागदापासून सुरुवात करा.

मेमोरँडममधून, म्हणजे कंपनी नोंदवताना दिलेल्या दस्तऐवजातून, मजकूर उचलू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४ प्रमाणे तिथे उद्दिष्टं लिहावीच लागतात, पण उद्या दुसरा धंदा करायचा झाला तर अडायला नको म्हणून ती मुद्दाम ऐसपैस लिहिलेली असतात. कामगाराला त्यातून काही कळत नाही.

सुरुवात गिऱ्हाइकापासून करा. पाच-सहा जणांना फोन लावा आणि एकच विचारा: 'आम्ही उद्या शटर ओढलं तर तुमचं नेमकं काय अडेल?' पर्चेसवाल्यावर थांबू नका, तो भावाबद्दल बोलेल. तुमचा माल प्रत्यक्ष बसवणाऱ्या मेंटेनन्सच्या फिटरशी बोला. तो जे शब्द वापरेल ते जसेच्या तसे उतरवून घ्या.

समजा, रबाळ्याला तुमचा ६० माणसांचा कारखाना आहे आणि तुम्ही औषध कंपन्यांना सिलिकॉनचे गॅस्केट, म्हणजे जोड गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या चकत्या, देता. फिटर म्हणेल, जोड गळला की अख्खी बॅच जाते. मग तुमचं वाक्य होतं: 'आपल्या गॅस्केटमुळे कोणाचं औषध वाया जाता कामा नये.' आठ शब्द. बारापेक्षा जास्त झाले तर कापा. हिंदीतलं वाक्य वेगळं बसून लिहा, भाषांतर करू नका. प्रेसवरच्या हेल्परला ते वाचून हसू आलं तर ते चुकलंय असं समजा.

हे वाक्य आधी सुपरवायझरांना सांगा, सगळ्यांना एकदम नाही. दसऱ्याला मशीनपूजेच्या वेळी सगळे जमलेले असतात म्हणून मालक तिथेच घोषणा करून टाकतात. दुसऱ्या दिवशी कामगार सुपरवायझरला विचारतो, 'साहेब काय म्हणत होते?' आणि त्यालाच माहीत नसतं. त्यापेक्षा सहा-सात सुपरवायझर, चहा आणि एक तास एवढं पुरे. प्रोजेक्टर नको. त्यांना विचारा: 'हे वाक्य खरं मानलं तर आज आपण काय चुकीचं करतोय?' पहिली दोन-तीन मिनिटं कोणी बोलणार नाही. मालकाने त्या वेळात तोंड उघडायचं नाही, हाच सगळ्यात अवघड भाग. नंतर जी यादी निघेल ती त्या वाक्यापेक्षा मोलाची असते.

त्या यादीत बहुतेक वेळा महिनाअखेर निघते. सिलिकॉनचं पोस्ट-क्युअरिंग, म्हणजे साच्यातून काढलेला माल ओव्हनमध्ये पुन्हा तापवणं, साधारण २०० अंशांवर चार तास चालतं, आत राहिलेले बाष्पशील घटक उडून जावेत म्हणून. ३० तारखेला बिलिंग पुरं करायच्या घाईत ते तीन तासांवर येतं. गॅस्केट दिसायला तसाच दिसतो, पण राहिलेला अंश पुढे गिऱ्हाइकाच्या औषधात उतरू शकतो. इथे तुम्ही मालाची गाडी थांबवलीत, बिल पुढच्या महिन्यावर गेलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं, तर वाक्य पोचलं. गाडी सोडलीत तर पुढची दहा भाषणं फुकट. मालकाचं बोलणं आणि मालकाची सही यांत फरक पडला की माणसं सहीवर विश्वास ठेवतात, आणि बरोबरच करतात.

पगाराकडेही बघा. इन्सेन्टिव्ह नुसता नगांवर असेल तर तुमचं वाक्य हरणारच. थोडा भाग परत आलेल्या मालाशी जोडा. मात्र चूक स्वतःहून सांगणाऱ्याचे पैसे कापू नका, नाहीतर चुका दडपल्या जातील.

नंतर दर आठवड्याला, पाळी बदलताना, पाच मिनिटं. वाक्य पुन्हापुन्हा घोकू नका, त्या आठवड्यातला एक निर्णय सांगा: कुठला लॉट अडवला, कोणी अडवला, का. रात्रपाळी आणि ठेकेदाराची माणसं हमखास सुटतात, खरं तर पॅकिंग बहुतेक तीच करतात. गेटवरच्या वॉचमनलाही बोलवा. कागदपत्रं अपुरी असताना गाडी सोडायची की नाही, हे शेवटी तोच ठरवतो.

आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकामध्ये गुणवत्ता धोरण लोकांना समजलेलं आणि कामात उतरलेलं हवं, अशी अट आहे. आपल्याकडे त्यावर तोड म्हणजे ऑडिटच्या आदल्या दिवशीचं पाठांतर. ऑपरेटर धडाधड म्हणून दाखवतो आणि परत मशीनवर जाऊन तेच करतो. म्हणून महिन्याभराने तपासताना वाक्य विचारू नका. स्टोअर, प्रेस, पॅकिंग, गेट अशा आठ जणांना एकेकटं गाठून विचारा: 'गेल्या आठवड्यात तू काय थांबवलंस?' दोघा-तिघांकडे सांगण्यासारखं काही निघालं तर काम रुळावर आहे. आठही जण 'काहीच नाही' म्हणाले, तर थांबवणाऱ्याला मागच्या वेळी कोण ओरडलं होतं ते शोधा.