छोट्या घरासाठी जिना निवडताना या चुका टाळा

रो-हाउसवर एखादी खोली चढवायची ठरली, की घरमालकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "जागा कमी आहे, गोल जिना टाकून द्या." मी अशीच छोटी घरं बांधतो. गोल जिना म्हणजे जागेची बचत ही समजूत इतकी पक्की आहे, की कागदावर हिशोब मांडल्याशिवाय ती हलत नाही. म्हणून आधी तो हिशोबच मांडतो.

खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत 10 फूट उंची धरा. एका पायरीची उंची साडेसात इंच घेतली तर 16 वेळा पाय उचलावा लागतो, म्हणजे पाय टेकायला 15 पायऱ्या. प्रत्येक पायरी 10 इंच खोल धरली तर भिंतीला लागून सरळ जाणाऱ्या जिन्याला साडेबारा फूट लांबी लागते. रुंदी अडीच फूट घेतली तर जागा झाली साधारण 31 चौरस फूट. याच मापांचा मधे वळण घेऊन उलटा येणारा जिना 42 चौरस फुटांच्या आसपास जातो, कारण वळणाचा चौथरा जागा खातो. आणि पाच फूट व्यासाचा गोल जिना? पाच बाय पाच, म्हणजे 25. सरळ जिन्याच्या तुलनेत वाचले फक्त सहा चौरस फूट. शिवाय सरळ जिन्याच्या उंच बाजूखाली वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, धान्याच्या कोठ्या, नीट आखलं तर छोटं टॉयलेटसुद्धा बसतं. गोल जिन्याखाली फार तर एक कुंडी. त्यामुळे लांब भिंत मोकळी असेल तर सरळ जिनाच घ्या.

तरीही गोल जिनाच करायचा असेल, तर व्यास पाच फुटांच्या खाली नेऊ नका. राष्ट्रीय इमारत संहितेतही गोल जिन्यासाठी किमान 1500 मिलिमीटर व्यास सांगितला आहे, आणि तो जवळपास पाच फूटच होतो. एवढ्या व्यासातही मधला खांब आणि कठडा वजा जाता चालायला जेमतेम सव्वादोन फूट उरतात. त्यातून लोखंडी कपाट वर जात नाही, पलंगाचा बॉक्सही जात नाही. अशा घरांत सामान पुढे गॅलरीतून दोर बांधून चढवावं लागतं. दुसरी चूक फेऱ्याची. एका पूर्ण फेऱ्यात 12 पायऱ्या घेतल्या तर डोक्यावरची पायरी साडेसात फुटांवर येते. पायऱ्या मोठ्या हव्यात म्हणून फेऱ्यात 10 च घेतल्या तर ती सव्वासहा फुटांवर येते, आणि त्यातून पायरीची जाडी वजा केली की उंच माणसाचं डोकं आपटतंच. 16 घेतल्या तर डोकं वाचतं, पण पाय टेकायला आठ इंचांहून कमी जागा उरते.

यापेक्षा महाग पडणारी चूक स्लॅबमध्ये होते. वरच्या खोलीची जमीन वाचावी म्हणून लोक जिन्यासाठी सहा फुटांचंच भोक ठेवतात. वर धरलेल्याच मापाचा जिना आणि सहा इंच जाडीचा स्लॅब घेतला, तर भोकाच्या कडेखालच्या पायरीवर उभं राहिल्यावर डोक्यावर साडेचार फूटच उरतात. माणूस वाकून चढतो, आणि उतरताना वाकायचं विसरतो. सात फूट मोकळी उंची मिळवायची असेल तर भोक साधारण साडेनऊ फूट लांब हवं. हे स्लॅब टाकण्याआधी ठरवा. टाकलेला स्लॅब नंतर कापायचा म्हणजे सळया कापायच्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ते काम कोणत्याही मिस्त्रीला करू देऊ नका. फ्लॅटमध्ये तर सोसायटी आणि महापालिकेची परवानगी आधी.

मग येते जिना जास्त खडा करण्याची चूक. लांबी कमी करायला पायरीची उंची नऊ इंच आणि खोली आठ इंच करून टाकतात. संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची 190 मिलिमीटरपेक्षा जास्त आणि खोली 250 मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. म्हणजे साडेसात आणि दहा, आपण वर धरलेलीच मापं. फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी 1675 मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक खोली ही माणसाच्या एका पावलाएवढी, साधारण 24 ते 25 इंच भरावी. आपलं गणित 15 अधिक 10, म्हणजे 25. नऊ-आठच्या पायरीचं गणित 18 अधिक 8, म्हणजे 26 होतं, म्हणून ते फारसं वेगळं वाटत नाही. पण उतरताना आठ इंचांच्या पायरीवर टाच टेकते आणि चवडा हवेत राहतो. घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर आधी त्यांना विचारा. त्यांना चढण्यापेक्षा उतरण्याची जास्त धास्ती असते.

रुंदीत मात्र थोडी सूट आहे. घराला एक मीटर रुंद जिना हवा असं संहिता म्हणते, पण दोन मजली रो-हाउसला 0.75 मीटर चालतं. अडीच फूट तेवढेच होतात.

वळण घ्यावंच लागलं आणि चौथऱ्याला जागा नसली तर कोपऱ्यात तीन तिरक्या पायऱ्या घेतात. त्या शक्यतो जिन्याच्या तळाशी घ्या, वर नको. वरून तोल गेला तर माणूस पूर्ण जिना गडगडत येतो, खाली गेला तर तीन पायऱ्याच.

फक्त माळ्यावर, वर्षातून चार-सहा वेळा जायचं असेल तर जिन्याचा विचारच करू नका, भक्कम घडीची शिडी पुरे. डावी-उजवीकडे आळीपाळीने कापलेल्या पायऱ्यांचा जिना जवळपास अर्ध्या लांबीत बसतो, पण त्यावर ठरलेलंच पाऊल आधी टाकावं लागतं. एकट्याच्या अभ्यासाच्या खोलीसाठी तो ठीक. मुलं, आजी-आजोबा आणि पाहुणे ज्या वाटेनं जातात तिथे तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑर्डर देण्याआधी अंगणात खडूनं जिना पूर्ण मापात आखा. गोल असेल तर खिळा आणि दोरी घेऊन पाच फुटांचं वर्तुळ काढा आणि हातात भरलेली बादली घेऊन त्यातून फिरा.

जिना आधीच झाला असेल, तर बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे पहिली पायरी बुटकी आणि शेवटची उंच. लोखंडी जिना बनवणारा फॅब्रिकेटर स्लॅब ते स्लॅब माप घेतो, नंतर खाली-वर दोन-दोन इंचांची फरशी बसते, आणि लोखंडी पायऱ्या तिथेच राहतात. साडेसातऐवजी पहिली साडेपाच, शेवटची साडेनऊ. माणूस हमखास अडखळतो. यावर उपाय सरळ आहे: सगळ्याच पायऱ्यांवर दोन इंच जाडीची फळी पक्की बसवा, सगळ्या उंच्या पुन्हा सारख्या होतात. डोक्यावरची उंची तेवढी दोन इंचांनी कमी होईल, ती आधी मोजा.

लोखंडी जिना चालताना हलत असेल तर मधोमध खालून एक खांब द्या, आणि वरचं टोक विटांच्या भिंतीत अडकवलं असेल तर बीमला प्लेट आणि अँकर बोल्टनं जोडून घ्या. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर ओल्या पायानं घसरायला होतं. पायरीच्या कडेला ग्राइंडरनं दोन-तीन खाचा मारून घेतल्या की पकड येते. कठड्याच्या गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवा, रांगत्या मुलाचं डोकं अडकत नाही. उघड्या पायऱ्यांमधल्या फटींनाही हेच माप लावा, तिथे एक आडवी पट्टी वेल्ड केली तरी पुरते. आणि जिन्याच्या दिव्याला खाली एक, वर एक अशी दोन बटणं द्या. रात्री पाणी प्यायला उतरणारं माणूस अंधारात पहिली पायरी पायानं चाचपडत शोधत असतं.