परदेशातील कार्यक्रमांसाठी कलाकारांनी कामाचा परवाना कसा निवडावा

परदेशातून कार्यक्रमाचे निमंत्रण आले की तिकिटे काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: त्या देशाच्या कायद्यानुसार आपले सादरीकरण 'काम' ठरते का? मानधन घेतले नाही म्हणजे परवाना लागत नाही, हा समज सर्वांत घातक आहे, कारण बहुतेक देश केवळ पैसे पाहत नाहीत. कार्यक्रम व्यावसायिक आहे का आणि तो कोणी आयोजित केला आहे, हेही पाहतात.

अमेरिकेत व्यावसायिक कलाकाराला, मोजके अपवाद सोडता, पर्यटक व्हिसावर कार्यक्रम करता येत नाही. असाधारण कर्तृत्व सिद्ध करू शकणाऱ्या एकट्या कलाकारासाठी ओ-१बी हा व्हिसाचा वर्ग आहे. आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या संचासाठी पी-१बी आहे, मात्र त्यात संचातील किमान ७५ टक्के सदस्य वर्षभर तरी संचासोबत असावे लागतात. लोककला किंवा पारंपरिक कला सादर करणाऱ्यांनी पी-३ या वर्गाचा विचार आधी करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तेथे जागतिक कीर्तीपेक्षा कलेचे सांस्कृतिक वेगळेपण महत्त्वाचे असते, आणि तरीही अनेक गुणी संच या वाटेकडे पाहतच नाहीत. यांपैकी कोणताही अर्ज कलाकाराला स्वतः करता येत नाही. तो अमेरिकेतील आयोजकाने किंवा प्रतिनिधीने करायचा असतो आणि सोबत संबंधित कामगार संघटनेचे मत जोडावे लागते. अर्ज कार्यक्रमाच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, म्हणून तारखा ठरताच कामाला लागावे.

ब्रिटनमध्ये छोट्या दौऱ्यासाठी सोपी वाट आहे. प्रवासापूर्वीच ठरलेला आणि आगमनानंतर ३० दिवसांत पूर्ण होणारा मानधनाचा कार्यक्रम ३१ जानेवारी २०२४ पासून साध्या अभ्यागत व्हिसावरच करता येतो. मात्र तेथील संस्थेचे निमंत्रण हवे आणि तो कार्यक्रम आपल्या मूळ व्यवसायाशी निगडित हवा. त्याहून लांबच्या दौऱ्यासाठी 'क्रिएटिव्ह वर्कर' व्हिसा असतो, ज्यासाठी परवानाधारक प्रायोजकाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते.

शेंगेन क्षेत्रातील (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) '१८० दिवसांत ९० दिवस' हा नियम केवळ वास्तव्याचा आहे. कामाची परवानगी प्रत्येक देश आपापल्या कायद्याने देतो, त्यामुळे पाच देशांचा दौरा असेल तर पाचही देशांचे नियम वेगवेगळे तपासावे लागतात. ऑस्ट्रेलियात मनोरंजन क्षेत्रातील तात्पुरत्या कामासाठी ४०८ क्रमांकाचा व्हिसा आहे.

ध्वनितंत्रज्ञ, प्रकाशयोजनाकार आणि साथीदार यांच्या परवान्यांची तजवीज त्याच वेळी करावी. ते शेवटच्या क्षणी आठवले की सगळा दौरा अडतो. वाद्यांसाठी 'एटीए कार्ने' हे सीमाशुल्काचे कागदपत्र घेतल्यास ती तात्पुरती सीमाशुल्काविना नेता येतात. वाद्यात हस्तिदंत किंवा कासवाची पाठ वापरलेली असेल, तर वन्यजीव व्यापार करारानुसार लागणारे प्रमाणपत्रही आधीच मिळवावे. मानधनातून तेथील कर कापला जाऊ शकतो, त्यामुळे ती रक्कम कोण सोसणार हे करारातच लिहून घ्यावे.

कॅनडात बाहेरून येणाऱ्या कलाकारांना मर्यादित काळासाठी परवान्याशिवायही कार्यक्रम करता येतो, पण तेथील आयोजकाशी नोकरीचे नाते असता कामा नये. ही अट पूर्ण होते की नाही हे सीमेवरील अधिकारी ठरवतो, म्हणून करारपत्र, निमंत्रण आणि कार्यक्रमांच्या तारखांची यादी सामानात न टाकता हाताशी ठेवावी.