लॉफ्टमध्ये रूम काढताय? आधी माळ्यावर वटवाघळं आहेत का बघा

इंग्लंडमध्ये घर घेतलं की दोनेक वर्षांत आईबाबा येणार म्हणून लॉफ्टची रूम काढायचं आपल्याकडे ठरलेलंच असतं. आम्हीही ऑक्टोबरमध्ये ड्रॉइंग्ज देऊन मोकळे झालो आणि काउन्सिलने विचारलं, बॅट सर्व्हे, म्हणजे वटवाघळांची पाहणी, कुठाय? ती करणारा इकॉलॉजिस्ट आला, माळ्यावर टॉर्च मारला, म्हणाला खुणा आहेत, पण संध्याकाळी बाहेर पडताना मोजायची तर आता मे उजाडायला हवा. बसलो मग सहा महिने हात चोळत.

म्हणून आर्किटेक्टला फोन करायच्या आधी स्वतः माळ्यावर चढा. काळ्या लेंड्या दिसल्या तर ग्लोव्हज घालून एक टिश्यूत चुरडा, भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसली तर वटवाघूळ, कडकच राहिली तर उंदीर. पिपिस्ट्रेल जातीचं छोटं वटवाघूळ जेमतेम 5 ग्रॅमचं असतं, सरकलेल्या कौलाखालून सहज आत शिरतं, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणजे नाहीच असं धरू नका.

बिल्डर म्हणेल आत्ता तर एकपण वटवाघूळ नाहीये, छप्पर काढून टाकू. अजिबात नको! वटवाघूळ घरी नसलं तरी त्याचं रूस्ट, म्हणजे राहायची जागा, संरक्षितच, मोडलं तर दंडाला मर्यादा नाही, वर सहा महिन्यांपर्यंत कैद. परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसतं म्हणून परमिशन लागत नसेल तरी हा कायदा सुटत नाही.

पहिली पाहणी वर्षभरात कधीही होते, संध्याकाळचे सर्व्हे मे ते सप्टेंबर. रूस्ट निघालं तर परमिशननंतर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचं लायसन्स, ते हातात येईपर्यंत छपराला हात नाही.

मागे एक्स्टेंशन काढायचं असेल आणि जवळ तळं असेल तर ग्रेट क्रेस्टेड न्यूट (पालीसारखा दिसणारा, तळ्यात राहणारा संरक्षित प्राणी) निघू शकतो, पाण्याची डीएनए टेस्ट 15 एप्रिल ते 30 जूनमध्येच चालते. कुंपणाची झाडं मार्च ते ऑगस्ट तोडू नका, घरटी असतात. बॅजर या बिळात राहणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याच्या बिळांना 1992 पासून वेगळा कायदा आहे. 2024 पासून आलेलं ते 10 टक्के बायोडायव्हर्सिटी नेट गेन (बांधकामानंतर निसर्ग आधीपेक्षा 10 टक्के वाढवून द्यायचा नियम) मात्र घरगुती अर्जाला लागत नाही, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि हो, कोटेशन घेतानाच कौलाखाली घालायचं फेल्ट कुठलं ते लिहून घ्या. नव्या ब्रीदेबल मेम्ब्रेनचे धागे सुटतात आणि त्यात वटवाघळं गुंतून मरतात, म्हणून रूस्ट असलेल्या छपराला सहसा जुन्या पद्धतीचं बिटुमेन फेल्टच लागतं.