तेलाचं बीडीव्ही घेताना

बीडीव्ही म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज, किती व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते तो आकडा. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून घ्या. पहिलं लिटरभर बादलीत सोडा. मी एकदा भर पावसात ओल्या हाताने बाटली भरली, आकडा आला 18 केव्ही (किलोव्होल्ट), आणि चांगल्या तेलाला उगाच नावं ठेवली.

चाचणीचं भांडं त्याच तेलाने विसळा. इलेक्ट्रोडमधलं अंतर गेजने 2.5 मिमी लावा. तेल काठावरून हळू ओता, बुडबुडे निघून जायला पाच मिनिटं द्या. मग व्होल्टेज सेकंदाला 2 केव्ही चढवा. ठिणगी पडली की आकडा लिहा, दोन मिनिटं थांबा. असे सहा आकडे घ्या.

या आकड्यांवरून गणिती मॉडेल करायचं तर नुसती सरासरी घेऊ नका. सगळे आकडे ठेवा, वायबुल वितरणात (बिघाडाचे आकडे कसे विखुरतात ते सांगणारं सांख्यिकी सूत्र) बसवून बघा. 62, 58 आणि मध्येच 31 आला, की माझा पहिला संशय तेलातल्या ओल्या तंतूवर.