५२ आठवडे, ५२ फोटो: या चुका टाळा

दर आठवड्याला एक विषय आणि त्यावर त्याच आठवड्यात काढलेला एक फोटो. असं वर्षभर करायचं. मी हे चॅलेंज दोनदा घेतलं. पहिल्या वर्षी मार्चमध्ये सुटलं, दुसऱ्या वर्षी ५२ वा फोटो काढूनच थांबले. दोन्ही वर्षी कॅमेरा तोच होता, पुणं तेच होतं, नोकरीही तीच होती. बदलल्या त्या काही सवयी. ज्यांचं चॅलेंज मध्येच सुटतं त्यांना फोटो काढता येत नाही असं क्वचितच असतं. आठवडा हातातून निसटतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

विषय रविवारसाठी ठेवणं

सगळ्यात जास्त घात याने होतो. सोमवारी विषय कळतो, "बघू सुट्टीच्या दिवशी" म्हणून बाजूला पडतो आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता आठवतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तुम्ही कॅमेरा बाहेर काढेपर्यंत उजेड संपलेला असतो. मग घरातल्या ट्यूबलाइटखाली जे हाताला लागेल त्याचा फोटो काढून वेळ मारून नेली जाते. असे तीन-चार फोटो लागोपाठ झाले की मनच उडतं.

ऑफिसला जाणाऱ्यांनी ऋतूप्रमाणे वेळ बदलावी. थंडीत सूर्योदय सातला होतो, त्यामुळे आवरून बाहेर पडताना तिरपा, कोवळा उजेड आयता मिळतो. जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा परतीच्या वाटेवर अर्धा तास हाताशी असतो. हा अर्धा तास आधीच ठरवून ठेवा.

दुसरी सवय याहून महत्त्वाची. बुधवारपर्यंत एक कच्चा फोटो काढाच, कसाही येऊ दे. तो काढला की काय कमी पडतंय ते दिसतं: पार्श्वभूमी गिचमिड आहे, उजेड डोक्यावरून येतोय, जागा चुकलीय. मग रविवार दुरुस्तीसाठी मोकळा राहतो. नुसता विचार करून हे कळत नाही, फोटो समोर असावा लागतो.

शब्दाचा पहिला अर्थ पकडून बसणं

'पाणी' म्हटलं की नळ, 'वेळ' म्हटलं की घड्याळ, 'वाट' म्हटलं की रस्ता. पहिला विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो, म्हणून तो फोटोत अळणी लागतो.

एका आठवड्यात विषय आला 'आवाज'. सोमवारी मी चौकातल्या भोंग्याचा फोटो काढला. भोंगा स्पष्ट दिसत होता, आवाज कुठेच नव्हता. बुधवारी कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथे तांब्याची भांडी ठोकून घडवतात. त्या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. आळीच्या तोंडाशीच ठोके ऐकू येतात. एक काका घंगाळाला मठार देत होते. त्यांना विचारून समोर बसले आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडा राहतो ते) १/१००० सेकंद ठेवून फोटो काढला. हातोडा हवेत लख्ख गोठला होता. काकांना स्क्रीनवर दाखवला. बघून म्हणाले, "हातोडा असा हवेत थांबतो का कधी, ताई?"

त्यांचं खरं होतं. मग कॅमेरा पायरीवर टेकवला, शटर १/१५ वर आणला आणि त्यांच्या लयीबरोबर दाबत गेले. वीस-बावीस फोटोंनंतर एकात जमलं: घंगाळ एकदम स्थिर, त्याच्यावरचा प्रत्येक ठोका चमकतोय आणि हातोड्याच्या जागी फक्त एक पुसट पट्टा. तो फोटो बघणाऱ्याला ठणठण ऐकू येते.

तेव्हापासून विषय आला की मी कागदावर त्या शब्दाचे दहा अर्थ लिहिते. पहिले तीन खोडते. चौथ्या-पाचव्यापासून आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं काहीतरी वर यायला लागतं. 'वाट' लिहिता लिहिता 'वाट बघणं' येतं आणि मग शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या असलेल्या आज्या दिसतात.

याची उलट चूकही होते. अर्थ इतका ताणायचा की खाली चार ओळींचं स्पष्टीकरण लिहिल्याशिवाय फोटो कळतच नाही. शेजारच्या मावशींना फोटो दाखवा आणि विषय सांगा. त्यांना लागलीच जोडता आलं तर फोटो उभा आहे.

रंगांचे विषय आणि फसणारा कॅमेरा

'पांढरा', 'काळा', 'लाल' हे विषय वर्षात कधी ना कधी येतातच आणि सोपे वाटतात म्हणून फसवतात.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड मोजतं. त्यामुळे फ्रेमभर मोगऱ्याची फुलं असली की ती मळकट येतात आणि फ्रेमभर लोखंडी तवा असला की तो धुवट येतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात वाढ-घट, हाताने द्यावं लागतं: पांढऱ्याला साधारण +१ स्टॉप (उजेड दुप्पट), काळ्याला −१ (निम्मा). आधी हे उलटं वाटतं, पण एकदा मोगऱ्यावर करून बघा.

लालची अडचण वेगळी. भर उन्हातल्या जास्वंदीचा फोटो घेतला की पाकळ्यांवरच्या शिरा गायब होऊन नुसता लाल गोळा उरतो. सेन्सरवरचा (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवरचा) लाल रंगाचा भाग एकटाच भरून सांडलेला असतो. साधा हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत ते डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडून बघा. लाल उजवीकडे भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा किंवा फुलावर सावली धरा. मोबाइलवर फुलावर बोट दाबून ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. शिरा परत दिसतात.

फोटो हलत असेल तर बहुतेक वेळा आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) वाढवायची भीती हेच कारण असतं. हातात कॅमेरा धरून ५० मिमी लेन्सवर शटर निदान १/५० हवा, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १/८०. खेळणाऱ्या मुलांना १/२५० च्या खाली जाऊ नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो वाचवता येत नाही. मोबाइलवाल्यांनी फोटोआधी लेन्स रुमालाने पुसावी. खिशातल्या बोटांच्या तेलाने दिव्यांभोवती जे धुरकट वलय येतं, ते एवढ्यानेच जातं.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवणं

जून ते सप्टेंबर म्हणजे सतरा आठवडे, चॅलेंजचा एक तृतीयांश भाग. माझं पहिलं वर्ष मार्चमध्ये गेलं, पण ओळखीतले बरेच जण याच काळात गळाले. "उजेडच नाही" ही तक्रार असते. खरं तर ढगाळ दिवशी आभाळ एक मोठा पांढरा पडदा होतं, त्यात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत आणि पानांचे रंग भरून येतात. फ्रेममधून पांढरं आभाळ वगळायचं, एवढं पथ्य पाळा.

पाऊस फोटोत दिसत नाही, ही दुसरी तक्रार. पावसाच्या मागून उजेड आणि त्याच्याही मागे काहीतरी गडद हवं. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली, मागे काळोख ठेवून बघा. शटर १/६० च्या आसपास ठेवला की सरी ओढलेल्या दिसतात. थेंब गोठवायला १/१००० लागतो आणि तेवढ्या वेगाला लख्ख उजेड हवा, म्हणून तो प्रयोग दिवसा करा, ऊन-पाऊस एकत्र असेल तेव्हा.

कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरतात, काही वेळा कोटिंगही खातात. चामड्याच्या पाकिटात लेन्स ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर काम भागतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की ते ओलं झालं, तापवून पुन्हा कोरडं करा.

पावसाळ्याच्या तोंडावर पालख्या पुण्यात मुक्कामी येतात आणि 'श्रद्धा', 'चाल', 'गर्दी' यातला एखादा विषय त्याच सुमारास आला तर सगळे कॅमेरे नाना पेठेकडे धावतात. लांबून झूम लावून थकलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे गोळा करणं मला मान्य नाही. जवळ जा, "माऊली, फोटो काढू का?" म्हणा. बहुतेक जण हसून हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांना नमस्कार करून पुढे व्हा. काढलेला फोटो त्यांना दाखवाच.

हुकलेला आठवडा भरून काढणं

आजारपण येतं, परीक्षा येतात, घरात लग्न निघतं. एखादा आठवडा जाणारच. मी पहिल्या वर्षी दोन आठवडे चुकवले आणि तिसऱ्या रविवारी तीन विषय एकत्र उरकायला बसले. तिन्ही फोटो वाईट आले आणि चौथ्या आठवड्यात मी कॅमेरा उचललाच नाही.

दुसऱ्या वर्षी नियम केला: आधी चालू आठवड्याचा फोटो, मागचा जमला तर जमला. वहीत त्या आठवड्यासमोर "ताप होता" एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. जुन्या फोल्डरमधून फोटो काढून तिथे चिकटवू नका, कुणी तपासत नसलं तरी. दिवाळीत मागे वळून बघताना कोणता फोटो खरा त्या आठवड्याचा आणि कोणता उसना हे तुम्हालाच खुपतं.

फाइलींचं थोडक्यात: कॅमेऱ्यातली तारीख पहिल्याच दिवशी तपासा, फोल्डरला 'आठवडा ०७ लाल' असं नाव द्या आणि महिन्यातून एकदा सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, ती आक्रसलेली असते.

सहा महिने एकाच उंचीवरून बघणं

ही चूक स्क्रीनवर कळत नाही. २६ वा आठवडा झाला की तोवरचे सगळे फोटो ४ × ६ इंच आकारात छापून घ्या आणि घरातल्या फरशीवर ओळीने मांडा. मी मांडले तेव्हा आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "सगळीकडे तू उभीच आहेस."

मोजलं. २६ पैकी २१ फोटो उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले होते. विषय वेगळे, जागा वेगळ्या, पण बघणारी व्यक्ती प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच दोन-तीन पावलांच्या अंतरावर. मांजर वरून, मूल वरून, रांगोळीही वरूनच. तुमच्या ओळीत वेगळं काही सापडेल: प्रत्येक गोष्ट बरोब्बर मधोमध, किंवा वर्षभरात एकही माणूस नाही, किंवा सगळे फोटो घराच्या गॅलरीतून. जे सापडेल ते पुढच्या चार आठवड्यांसाठी बंद करून टाका.

२७ व्या आठवड्याचा विषय होता 'बाजार'. मंडईत मी पालेभाजीवाल्या मावशींच्या शेजारी गोणपाटावर बसले, कॅमेरा मेथीच्या जुड्यांच्या उंचीला धरला. वरून जुडी मागणारे हात यायचे, नाणी द्यायचे, पिशव्या उघडायचे. चेहरा एकाचाही दिसत नव्हता. मावशी म्हणाल्या, "इथनं मला रोज एवढंच दिसतं." तोच फोटो ठेवला.